गहू, मामा आणि हेरिटॅबिलिटी

आजचा विषय गहू. पोळी मऊ कशी राहते, सिहोर बरा की लोकवन बरा, यातलं काही नाही. (त्यावर आमच्या घरात दोन पिढ्यांचा वाद आहे आणि त्यात पडायची माझी हिंमत नाही.) प्रश्न असा आहे, की शेजारी शेजारी दोन जातींचा गहू लावला, एकीला जास्त पिकलं, दुसरीला कमी, तर त्यातला फरक किती बियाण्याचा आणि किती बाकीच्या भानगडींचा? बाकीच्या भानगडी म्हणजे जमीन, खत, थंडी, तांबेरा, आणि पंपाची वीज रात्री दोनला येते की सकाळी दहाला.

या प्रश्नासाठी शास्त्रात एक मोजमाप आहे, त्याचं नाव हेरिटॅबिलिटी. मराठीत 'आनुवंशिकतेचं प्रमाण' म्हणता येईल, पण आपण हेरिटॅबिलिटीच म्हणू. शब्द भारदस्त आहे, गणित बारावीच्या पुढचं नाही, आणि तरीही त्याचा अर्थ भलताच लावला जातो. गव्हाच्या बाबतीत लावला जातो, माणसांच्या बाबतीत तर सर्रास. मला त्यात रस निर्माण झाला तो मात्र घरगुती भांडणामुळे.

भांडणाआधी थोडा भूगोल. जुन्नर म्हणजे शिवनेरी-नाणेघाट आणि आंबेगाव म्हणजे भीमाशंकर, एवढंच ज्यांना वीकेंड ट्रेकमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कड्यापासून सुरू होतात आणि पूर्वेकडे उतरत जातात. पश्चिमेला धो धो पाऊस, भात आणि नाचणी. मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाची धरणं: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. त्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षं. (आणि उसात बिबटे.) अजून पूर्वेला सरकलात की जुन्नरमध्ये आणे पठार, आंबेगावमध्ये लोणी-धामणीचा भाग. तिथे आभाळाकडे बघत बसायचं. म्हणजे तालुका तोच, पण भातातून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला बाजरीत पोचतो.

गहू इथलं पैशाचं पीक नाही. कांदा-उसातून उरलेल्या एखाद्या वावरात अर्धा-एक एकर, घरच्या वर्षभराच्या पोळ्यांपुरता. पण म्हणूनच त्यात जीव जास्त अडकलेला असतो. टोमॅटो बाजाराचा, गहू घरचा.

माझे मामा मधल्या, कालव्याच्या पट्ट्यातले. गेली बारा वर्षं ते 'त्र्यंबक' लावतात. निफाडच्या गहू संशोधन केंद्राची ही जात, सरकारी नाव एनआयएडब्ल्यू ३०१. बियाणं विकत आणलं ते एकदाच. नंतर दर वर्षी काढणीच्या आधी मामा वावरात हिंडून सगळ्यात लांब, सगळ्यात टपोऱ्या ओंब्या हाताने खुडतात. पाटी-दोन पाट्या. त्या वेगळ्या मळायच्या, पुढच्या वर्षी एका वाफ्यात वेगळ्या लावून वाढवायच्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेच बी सगळ्या वावरात. गावात लोक हे बी मागून नेतात. धामणीकडे दिलेल्या माझ्या मावशीकडेही दर वर्षी एक गोणी जाते.

आणि मामेभावाचं म्हणणं, की आता नवी जात आणू, या निवडून ठेवलेल्या बियाण्यात काही दम नाही. मामांचं म्हणणं, बारा वर्षांची मेहनत अशी फेकून द्यायची? दोघं एकाच घरात राहतात आणि दोघांचे फोन मला येतात. शहरातला इंजिनिअर भाचा म्हणजे घरचा सुप्रीम कोर्ट, असा त्यांचा समज आहे. तर मंडळी, हा खटला समजून घ्यायला मी बरेच शनिवार खर्च केले. त्याचा हा निकाल.

आधी शब्दाचा अर्थ. समजा कुठेतरी वाचलं, की गव्हाच्या उत्पादनाची हेरिटॅबिलिटी ३० टक्के आहे. मनात पहिला अर्थ येतो तो असा: एकरी १० क्विंटल पिकलं तर त्यातलं ३ क्विंटल बियाण्यामुळे आणि ७ जमीन-पाण्यामुळे. हा अर्थ साफ चूक आहे. बी नसेल तर पीक शून्य, पाणी नसेल तरी शून्य. आयताच्या क्षेत्रफळातलं लांबीमुळे किती आणि रुंदीमुळे किती, असं कोणी विचारतं का? तसंच हे.

खरा अर्थ असा. एका ठिकाणी पन्नास जाती लावल्या. उत्पादन सारखं येत नाही, वरखाली होतं. हा जो वरखालीपणा, संख्याशास्त्रातला व्हेरियन्स, त्यातला किती भाग जातींच्या जनुकांमधल्या फरकामुळे आला, ते प्रमाण म्हणजे हेरिटॅबिलिटी. हा आकडा पिकाबद्दल बोलतच नाही, पिकातल्या फरकाबद्दल बोलतो. आणि फरक कुणाकुणातला, कुठल्या वावरातला, कुठल्या साली, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. टाइमझोन न सांगता मीटिंगची वेळ कळवण्यासारखा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गव्हाचं नाहीच, पण आहे जुन्नर तालुक्यातलंच. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण, की मोबाइल, मोटारी, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्याला सहज गिळतो. म्हणून जागा शहरांपासून लांब, डोंगरांच्या आडोशाची निवडली. आणि एका अँटेनावर विसंबायचं नाही. तिसांचं एकत्र करायचं, तासन् तास ऐकत राहायचं. गोंगाट एकमेकांना कापत जातो, सिग्नल उरतो.

गव्हाची नवी जात काढणारा माणूस हेच करत असतो. बियाणं हा सिग्नल, वावर हा गोंगाट, आणि हेरिटॅबिलिटी म्हणजे एकूण आवाजात सिग्नल किती ते.

हा गोंगाट कसा कापायचा हे शिकवलं रोनाल्ड फिशरने. व्हेरियन्स हा शब्द या अर्थाने त्याने १९१८ सालच्या पेपरात वापरला, त्यातच फरकाची अशी वाटणी मांडली. १९१९ मध्ये तो इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात नोकरीला लागला. तिथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून दर वर्षी गव्हाचा प्रयोग चालू होता आणि आकड्यांचा ढीग साठला होता. त्या ढिगात शिरून हा माणूस प्रयोगांच्या आधुनिक पद्धती घेऊन बाहेर आला: एक जात एकाच तुकड्यात लावू नका, तीन-चार तुकड्यांत लावा, आणि कुठला तुकडा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर चांगल्या जमिनीचं श्रेय बियाणं खाऊन जाईल. आपण ज्याला ए-बी टेस्टिंग म्हणतो आणि आपणच शोधल्यासारखं प्रेझेंटेशन देतो, त्याचं बरंचसं मूळ या गव्हा-बटाट्याच्या वावरात आहे :)

यात मराठी माणूसही आहे बरं का. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. त्यांनी आणि पानसे यांनी मिळून शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक १९५४ साली आलं आणि भारतातल्या कृषी विद्यापीठांत पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं. पीक विम्याच्या बातम्यांमध्ये 'पीक कापणी प्रयोग' हा शब्द वाचला असेल. यादृच्छिक तुकडे निवडून तिथलं पीक कापायचं, मोजायचं आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज काढायचा, ही पद्धत देशात रुजवण्यात या दोघांचा मोठा वाटा.

आता थोडं गणित, घाबरू नका. आकडे माझ्या मनचे आहेत, सोपे पडावेत म्हणून. समजा जातींमधला खरा फरक ४, जात आणि ठिकाण यांच्या जुळण्या-न जुळण्याचा फरक ४, आणि निव्वळ गोंगाट १२. एका ठिकाणी, एकेकाच तुकड्यात लावलं तर एकूण २० पैकी ४, म्हणजे हेरिटॅबिलिटी २० टक्के. त्याच ठिकाणी तीन-तीन तुकडे लावून सरासरी घेतली तर गोंगाट १२ चा ४ होतो: १२ पैकी ४, म्हणजे ३३ टक्के. आणि चार गावांत, प्रत्येक गावात तीन-तीन तुकडे? ठिकाणाचा फरक १ वर येतो, गोंगाटही १ वर, म्हणजे ६ पैकी ४. सदुसष्ट टक्के!

बियाणं तेच. एक जनुक हललं नाही. हेरिटॅबिलिटी २० वरून ६७ झाली, कारण बघणाऱ्याने जास्त काळजीपूर्वक बघितलं. मला स्वतःला ही गोष्ट कळली तेव्हा मी अर्धा तास गच्चीत फेऱ्या मारत होतो.

संशोधकाला या आकड्याची एवढी पडलेली असते ती एका साध्या समीकरणामुळे. पुढच्या पिढीत मिळणारी सुधारणा म्हणजे निवडलेल्यांची आघाडी गुणिले हेरिटॅबिलिटी. निवडलेल्या जाती सरासरीच्या १० क्विंटल पुढे दिसल्या आणि हेरिटॅबिलिटी २० टक्के असेल, तर हाती लागणार २ क्विंटल. बाकीचे ८ त्या वर्षीच्या नशिबाचे, ते पुढच्या वर्षी येत नाहीत.

सगळ्या गुणांची हेरिटॅबिलिटी सारखी नसते. झाडाची उंची, ओंबी किती दिवसांत बाहेर पडते, हजार दाण्यांचं वजन, हे गुण बियाण्याला बरेच इमानदार असतात. उत्पादन तसं नाही. कारण उत्पादन हा मुळात एक गुण नाहीच, तो गुणाकार आहे: चौरस मीटरमध्ये ओंब्या किती, एका ओंबीत दाणे किती, एका दाण्याचं वजन किती. प्रत्येक पायरीवर हवा-पाणी हात घालतं. पेरणीनंतर साधारण १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पाणी चुकलं की फुटवे कमी. फुलोऱ्यात चुकलं की दाणे कमी. दाणा भरताना ऊन तापलं की वजन कमी. वर या तिघांची आपसात स्पर्धा. दाणे जास्त झाले की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी, एकाला ओढलं की दुसरा आखडतो. फिक्स्ड बजेटमध्ये फीचर वाढवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि जनुकं? पोळीच्या गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट मोठा. तीन वेगवेगळ्या गवतांचे जीनोम एकात एक बसलेले, म्हणजे तीन लेगसी सिस्टिम मर्ज करून डॉक्युमेंटेशन कोणीच लिहिलं नाही तसं. त्याचा पक्का नकाशा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात जनुकं एक लाखाच्या वर. उत्पादनावर त्यातल्या कितीतरी जनुकांचा चिमूट-चिमूट परिणाम. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत, हातात एकेकच झाड असतं तेव्हा, शहाणा संशोधक उत्पादनावर निवड करत नाही. तो उंची, दाणा, तांबेरा बघतो. उत्पादनाचा फैसला पुढे, बी भरपूर झाल्यावर, अनेक गावांत, अनेक वर्षं. एक जात बाहेर पडायला आठ-दहा वर्षं सहज जातात. निफाडला हेच चालतं, आणि पुण्यात आघारकर संस्थेतही. (आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था. कुरिअरवाल्यांची दया येते.) गव्हाच्या जातीच्या नावात 'एमएसीएस' दिसलं की समजायचं, ही आपल्या पुण्याची.

आता मामांच्या ओंब्या.

१९०३ साली डेन्मार्कमध्ये विल्हेल्म योहानसेन नावाच्या शास्त्रज्ञाने घेवड्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाजारातल्या मिश्र बियाण्यातून त्याने एकेका झाडापासून वेगळे वाण चालवले. हा घेवडा स्वतःच स्वतःचं परागीकरण करतो, त्यामुळे एका वाणातली सगळी झाडं जनुकांच्या दृष्टीने एकसारखी. मग त्याने प्रत्येक वाणातले सगळ्यात मोठे दाणे वेगळे पेरले, सगळ्यात लहान वेगळे पेरले. पिढ्यान् पिढ्या. निकाल? एका वाणाच्या आत मोठ्यांची पिल्लं आणि लहानांची पिल्लं सारखीच. वाणा-वाणांत फरक होता, तो तसाच राहिला. वाणाच्या आत निवड करून काही हलेना. 'जनुक' हा शब्दही पुढे याच माणसाने दिला.

गहूही स्वपरागित. त्र्यंबकच्या वावरातलं प्रत्येक झाड जवळपास एकच. म्हणजे त्या वावरात उत्पादनाची हेरिटॅबिलिटी जवळपास शून्य, आणि शून्याने कशालाही गुणलं तरी शून्य. आपल्या भाषेत सांगायचं तर शंभर सर्व्हरवर एकच बिल्ड टाकलंय. त्यातल्या सगळ्यात वेगवान सर्व्हरवरून बिल्ड कॉपी करून घेतलं, म्हणून बिल्ड सुधारत नाही.

हे मामांना कसं सांगायचं? मी सर्व्हर वगैरे काही काढलं नाही. फक्त विचारलं, "मामा, तुम्ही ओंब्या खुडता त्या वावरात कुठं सापडतात जास्त?"

"कुठं म्हंजी? पाटाच्या कडंला. आन् बांधाला."

एवढं बोलून मामा स्वतःच थांबले. पाटाच्या कडेला पाणी आधी आणि जास्त. बांधाला ऊन मोकळं, शेजारी स्पर्धा कमी. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत, चाळीस वर्षं बघतायत. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग बारा वर्सं मी काय निवडलं रं?"

"पाटाचं पाणी," मामेभाऊ आतून म्हणाला. मला त्याचा राग आला, पण उत्तर बरोबर होतं.

मामा काही बोलले नाहीत. तंबाखू मळत बसले. मग एकदम म्हणाले, "म्हंजी बारा वर्सांत बी बिघाडलं पन नाय?"

आणि इथे मी गप्प झालो, कारण ही बाजू मी वाचलेल्या कुठल्याच पेपरात अशी थेट लिहिलेली नव्हती. ज्या कारणाने निवडून बी सुधारत नाही, त्याच कारणाने ते बिघडतही नाही. संकरित मक्याचं बी घरी धरलं तर पुढच्या वर्षी पीक विस्कटतं. गव्हाचं तसं नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखायचा, वापरायचा, वाटायचा, विकायचासुद्धा हक्क दिला आहे (जातीच्या ब्रँडखाली विकायचं नाही, एवढी अट). मामांच्या निवडीतली भेसळ काढणं आणि टपोरा, निरोगी दाणा पेरणं ही दोन कामं तर खरीच उपयोगी, रोप जोमदार उगवतं. तेव्हा बारा वर्षं वाया गेली नाहीत. मामांनी जात सुधारली नाही, जात सांभाळली.

मामेभावाचंही चूक नाही. जात तीच राहते, पण तांबेऱ्याची बुरशी बदलत राहते, नव्या रूपात येते. जुन्या जातीचं कुलूप कधीतरी उघडतंच. त्यासाठी अधूनमधून नवी जात आणावी लागते. पण 'घरचं बी म्हणजे टाकाऊ' हे त्याचं कारण नाही.

हेच मामांच्या आजीच्या काळी असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा वावरात खपली असायची. जुना, गावोगावचा, मिसळीचा गहू. त्यात झाडा-झाडांत जनुकांचा खरा फरक. तिथे चांगली ओंबी खुडणारी बाई पुढच्या पिढीला खरंच काहीतरी वेगळं देत होती. हात तोच, नजर तीच, मेहनत तीच. एका वावरात तिचं फळ मिळतं, दुसऱ्यात नाही. मेहनत कमी पडली म्हणून नव्हे, निवडायला फरकच शिल्लक नाही म्हणून.

आता मावशीची गोणी. मावशी दर वर्षी म्हणते, "दादाचं बी आमच्याकडं चालत नाही." मामा म्हणतात, लक्ष देत नाहीत ते लोक. दोघं एकाच बियाण्याबद्दल बोलतायत! त्र्यंबक ही वेळेवर पेरून भरपूर पाणी द्यायची जात. धामणीकडे तिला एक-दोन पाणी मिळतं. तिथे कमी पाण्यावरची नेत्रावती, एनआयएडब्ल्यू १४१५, जास्त शोभली असती. पहिला नंबर कुणाचा हे वावर बघून बदलतं. वरच्या गणितात 'जात आणि ठिकाण जुळण्याचा फरक' म्हणून जो ४ लिहिला होता, तो म्हणजे मामा आणि मावशी.

हीच गोष्ट मोठ्या नकाशावर. पंजाबचं गव्हाचं हेक्टरी उत्पादन आपल्या दुपटीहून जास्त. म्हणजे त्यांचं बियाणं दुप्पट हुशार का? तिथे थंडी लांब, कालवे भरलेले, पीक आपल्यापेक्षा महिनाभर जास्त उभं राहतं. आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन दाणा सुकवायला लागतं. म्हणून तर १५ नोव्हेंबरनंतर पेरणी जितके पंधरवडे लांबेल तितके पंधरवडे हेक्टरी अडीच क्विंटलची घट, असं आपलं कृषी खातं सांगत असतं. पंजाबातल्या एका शेतात हेरिटॅबिलिटी ८० टक्के असू शकेल, नारायणगावच्या शेतातही ८० टक्के असू शकेल, आणि तरी या दोन शेतांमधला सगळा फरक हवामानाचा असू शकेल. रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० साली हे समजावलं होतं: एकाच पोत्यातलं मिश्र बी दोन मुठींत घ्या, एक मूठ कसदार मातीत टाका, दुसरी निकस मातीत. प्रत्येक मातीच्या आतला फरक बियाण्याचा. दोन मातींमधला फरक मातीचा.

तो मक्याबद्दल बोलत होता, पण त्याचा रोख माणसांवर होता. आणि मला वाचताना मामेभाऊ आठवत होता.

आम्ही दोघं एकाच आजोबांचे नातू, दीड वर्षाचं अंतर. गणितात तो माझ्यापेक्षा बरा होता, हे मी लग्नकार्यात कबूल करत नाही, इथे करतो. मी पुण्यात वाढलो, क्लासला सायकलवर जायचो. त्याच्या बारावीच्या वर्षी कालव्याचं आवर्तन लांबलं, विहीर आटली, घरात माणूस हवा होता. आता सगळे नातेवाईक म्हणतात, "हा पहिल्यापासूनच हुशार, रक्तातच आहे." रक्त त्याचं वेगळं आहे का? आमच्या दोघांतल्या फरकाला पन्नास टक्के रक्त, पन्नास टक्के पाणी असं वाटता येत नाही. एका ओंबीचं जसं वाटता येत नाही, तसं एका माणसाचंही नाही.

ऑफिसमध्ये एप्रिल जवळ आला की मला हेच वाटतं. एक माणूस, एक प्रोजेक्ट, एक वर्ष, आणि त्यावर रेटिंग. एक तुकडा, एक हंगाम. क्लायंट समजूतदार मिळाला म्हणजे पाटाच्या कडेची ओंबी. आपण ती खुडतो आणि म्हणतो, बी चांगलं आहे. खोडदची दुर्बीण सुद्धा एका अँटेनावर इतका विश्वास ठेवत नाही.

असो. तत्त्वज्ञान पुरे. मागच्या रब्बीत आम्ही वावरात नऊ तुकडे पाडले. पाटाजवळ तीन, मधे तीन, लांब तीन. प्रत्येक तिघांत एकात मामांचं निवडलेलं बी, एकात न निवडता पोत्यातलं घेतलेलं, एकात नवी जात. कुठलं कुठे, याच्या चिठ्ठ्या मामांच्या नातीने उचलल्या. मार्चमध्ये तराजूवर मामा स्वतः बसले होते. निवडलेलं आणि न निवडलेलं, दोघं बरोबरीत. नवी जात तीनपैकी दोन ठिकाणी थोडी पुढे. आणि पाटाजवळचा तुकडा व लांबचा तुकडा यातलं अंतर या सगळ्याहून मोठं.

मामेभाऊ म्हणाला, बघा, नवी जात जिंकली. मी म्हणालो, एक गाव, एक वर्ष, तीन तुकडे. आपण अजून ३३ टक्केवाले. मामांनी दोघांकडे दुर्लक्ष केलं आणि लांबच्या तुकड्यापर्यंत पाइप टाकायला किती खर्च येईल त्याचा हिशोब मांडला.

या नोव्हेंबरात दुसरं ठिकाण धरलंय, मावशीचं वावर. यादीत नेत्रावती वाढली आहे. मामांचं बीसुद्धा आहे, मावशीने स्वतःहून सांगितलंय: "दादाचं पण लावा. नाहीतर तो म्हणेल मोजलंच नाही."